बादलीधारकांचे आप्पा

आमच्या इमारतीतील आप्पा गुरव रोज पहाटे पाच वाजता जिन्याखालच्या लोखंडी पाइपाला कान लावून उभे राहत असत. डावा हात पाइपावर, उजव्या हातात मोबाइल, डोळे मिटलेले. मिनिटभराने डोळे उघडून ते मोबाइलला सांगत, "नमस्कार, बादलीधारक बंधू-भगिनींनो! पाइप बोलतोय. आत्ता नुसती हवा आहे. पाणी मागनं येतंय. वीस मिनिटं झोपा."

आणि लोक खरोखर वीस मिनिटे झोपत.

ज्यांचे वास्तव्य ठाण्याजवळच्या दिवा गावात नाही, त्यांच्यासाठी खुलासा करणे आवश्यक आहे. दिव्यात घर घेणारा माणूस पलंग कुठे ठेवायचा हे नंतर पाहतो. आधी ड्रम कुठे ठेवायचा हे पाहतो. पाणी कधी पहाटे येई, कधी भर दुपारी, कधी येतच नसे. अशा ठिकाणी पाण्याची चाहूल पंधरा-वीस मिनिटे आधी देणारा मनुष्य म्हणजे काय, हे सुज्ञांस सांगणे न लगे.

मी व्यवसायाने अर्जलेखक. कल्याणला तहसील कचेरीच्या बाहेर गेली बावीस वर्षे माझे टेबल आहे. शिक्षण नववीपर्यंत, तथापि अनेक पदवीधरांचे दाखले माझ्याच मसुद्यावर निघालेले आहेत. तेव्हा आप्पांविषयी जे लिहीत आहे, ते तोलूनमापून लिहीत आहे.

आप्पा मूळचे राजापूरकडचे. डोंबिवलीच्या एका रसायन कारखान्यात त्यांनी तीस वर्षे बॉयलर सांभाळला. तिथे त्यांचा कान तयार झाला. "बॉयलर कधी खोटं बोलत नाय, भाऊसाहेब," ते मला सांगत, "माणसाचं काय सांगता येत नाय." पुढे कारखाना बंद पडला आणि एवढा तयार कान रिकामा झाला. त्यातच गुरववहिनी लेकीच्या बाळंतपणाला नालासोपाऱ्याला गेल्या त्या तिकडच्याच झाल्या. लेक नोकरी करणारी, नातू लहान; दोष कोणाचाच नाही. घरात उरले आप्पा आणि दोन ड्रम.

नातवाचे तोंड दिसावे म्हणून लेकीने मोबाइल घेऊन दिला. नातू दिवसातून पाच मिनिटे दिसे. उरलेला मोबाइल आप्पांनी पाइपाकडे वळवला. तिसऱ्या मजल्यावरच्या शिंदेवहिनींनी त्यांना 'दिवा, पाणी आलं' असे पेज काढून दिले. आधी आमची इमारत पाहू लागली, मग गल्ली, मग पाण्याची तीच लाइन असलेला सगळा परिसर.

एके दिवशी शिंदेवहिनी म्हणाल्या, "आप्पा, एवढी माणसं बघतात तुम्हाला, ह्याचे पैसे मिळतात हो! पेजवाल्या कंपनीला कळवावं लागतं फक्त."

त्यांनी कळवलेही. परंतु महिना उलटला तरी मोबाइलवर 'विनंती विचाराधीन आहे' एवढेच दिसत होते. आप्पा माझ्याकडे आले. विचाराधीन म्हणजे कोणाच्या तरी टेबलावर पडलेला, आणि पडलेला अर्ज हलवायचा तर त्यावर दुसरा अर्ज द्यावा लागतो, हे त्यांचे म्हणणे मला अनुभवाने पटले. मी मसुदा केला: "विषय: पाणीविषयक चलचित्रांवर जाहिरातींचे उत्पन्न सुरू करणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून, मी खाली सही करणार, राहणार दिवा पूर्व, आपणांस सविनय कळवितो की…" सोबत रेशनकार्ड व वीजबिलाची झेरॉक्स आणि पाइपाचा फोटो जोडला. फोटो साक्षांकित कोण करणार, असा प्रश्न पडला. तेव्हा हा तोच पाइप आहे, अशा दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या.

मी अर्जावर पाच रुपयांचे कोर्ट-फी तिकीट चिकटवू लागलो तेव्हा आप्पा म्हणाले, "त्यांच्याकडे चालतं काय आपलं तिकीट?"

"लावलेले बरे. नंतर त्रुटी निघायला नको."

शिंदेवहिनींनी हसत हसत त्या अर्जाचा फोटो कंपनीला धाडला. नवव्या दिवशी मंजुरी आली. शिंदेवहिनी म्हणतात, ते आपोआपच होणार होते. असे म्हणणाऱ्यांनी कचेरी आतून पाहिलेली नसते.

पहिल्या उत्पन्नातून आप्पांनी डॉक्टर लोक वापरतात ती छातीची नळी विकत आणली. दोन दिवस ती पाइपाला लावून पाहिली आणि ठेवून दिली. "आवाज मोठा येतो, पण ओळखीचा वाटत नाय." पुढे शीळफाट्याच्या एका ड्रमविक्रेत्याने दुकानाचे नाव घातलेला निळा ड्रम आप्पांच्या मागे उभा केला आणि दरमहा मानधन ठरवले. "पडला तरी फुटत नाय!" असे म्हणून आप्पा रोज त्या ड्रमाला एक लाथ मारीत.

चूक मात्र एकदा झाली. आप्पांनी "आलं, आलं, उठा!" असा पुकारा केला. अवघी गल्ली हंडे-बादल्या घेऊन नळाखाली बसली. कामावर जाणाऱ्या दोघी-तिघी थांबून राहिल्या. तासाभराने उलगडा झाला की शेजारच्या इमारतीत टँकर खाली होत होता आणि आप्पांनी त्यांच्या मोटरचा आवाज ऐकला होता.

"आप्पा, रजा पडली माझी! आता द्या तुमच्या पेजवरचं एक बादली पाणी!" शिंदेवहिनी जिन्यातून ओरडल्या.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी मोबाइलसमोर दोन्ही कान धरून सर्वांची माफी मागितली. ती माफी इतक्या लोकांनी पाहिली की त्या महिन्याचे उत्पन्न दुप्पट झाले. आप्पा आठवडाभर बेचैन होते. "बरोबर सांगितलं तेव्हा कमी, चुकलो तेव्हा जास्त. ही कसली कंपनी, भाऊसाहेब?"

आता मुख्य मुद्द्यावर येतो. पालिकेची नवी मोठी जलवाहिनी आमच्या रस्त्याच्या टोकापर्यंत आली. गल्लीला जोडणी हवी तर रहिवाशांच्या सह्यांचा अर्ज हवा होता. मसुदा अर्थातच मी केला. त्यात काही उणे नव्हते; उणे होते ते सह्यांत. माणसे उजाडता बाहेर पडतात, अंधारल्यावर परततात. दोन आठवड्यांत एकोणीस सह्या झाल्या. अखेर एका रविवारी फाटकाशी बैठक बसली.

"आप्पांनी पेजवर सांगितलं तर दोन दिवसांचं काम आहे," कोणीतरी म्हणाले.

त्याचा अर्थ सर्वांनाच कळत होता. नळाला वेळेवर पाणी आले, तर पाइपाला कान लावणाऱ्याला कोण पाहणार? वस्तुस्थिती स्पष्ट मांडणे हा माझा पेशा असल्याने मीच बोललो. "आप्पा, हा अर्ज मंजूर झाला तर तुमच्या पेजला काय उरेल, याचा विचार करा."

"केलाय. बॉयलरवर होतो मी, गाढव नाय."

मग ते माझ्याकडेच पाहत म्हणाले, "पैशाचं सोडा, भाऊसाहेब. सकाळी एवढी माणसं विचारतात, आप्पा, उठू का? आप्पा, अंघोळ करू का? घरात कोण विचारणारं नाय आता. पण ती चौथ्या मजल्यावरची पोरगी सातव्या महिन्यात हंडा घेऊन चढते. तिला काय सांगू? माझं पेज चाललंय, तू चढत राहा?"

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी पाइपाला कान लावलाच नाही. "बादलीधारक बंधू-भगिनींनो, आज पाण्याचं नंतर. खाली भाऊसाहेब टेबल टाकून बसलेत. जाताना सही करून जा. नाय केलीत तर उद्यापासून तुम्हाला उठवणार नाय."

त्या आठवड्यात माझी तीन पेने संपली. यादीत पहिली सही आप्पांची होती. व्यवसायाच्या रकान्यात ते आजवर 'निवृत्त' लिहीत आले होते. तिथे त्यांनी विचार करून लिहिले, 'पाणी सांगणे'. मी ते खोडले नाही.

जोडणी झाली. रोज साडेसहा ते आठ, नियमित पाणी. पहिला आठवडा लोकांनी पेजवर आप्पांचे आभार मानले. नंतर लोक सव्वासहापर्यंत झोपू लागले. आप्पा कान लावून "आलं" म्हणत, आणि पुढे सांगण्यासारखे काही नसे. ड्रमवाला एके दिवशी टेम्पो घेऊन आला आणि ड्रम घेऊन गेला. मोबाइलच्या कोपऱ्यातला पाहणाऱ्यांचा आकडा रोज कमी होत अखेर एकावर आला. आणि तो एक, असे शिंदेवहिनींनी मला हळूच सांगितले, आप्पा स्वतःच असतात. त्यानंतर ते जिन्याखाली दिसेनासे झाले.

परवा बुधवारी दुपारी ते कल्याणला माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. इस्त्रीचा सदरा, हातात कापडी पिशवी.

"इकडे कुठे, आप्पा?"

"अर्ज लिहून हवा होता."

"कोणाला?"

"ते बघू आपण."

"विषय?"

त्यांनी कचेरीच्या फाटकाकडे पाहिले, मग माझ्या कागदांकडे. "विषय पण बघू. पण जरा मोठा लिहा, भाऊसाहेब. चार पानी, पाच पानी. मला घाई नाय."

मी स्टुलावरच्या फायली उचलून खाली ठेवल्या. कोरा कागद घेतला, समास आखला, वर 'प्रति' असे लिहून पुढची जागा मोकळी सोडली.

"बसा," मी म्हणालो. "अगदी पहिल्यापासून सांगा."