बारावर ठेवा, काकाजी!

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि मनात एक गाडी आणा. जीपहून लहान, दारं नाहीत, डोक्यावर लोखंडी नळ्यांचा पिंजरा. पुढे दोघं शेजारी-शेजारी बसतात, मागे एक अरुंद बाक. आणि चाकं इतकी गुबगुबीत, की खाऊनपिऊन सुखी घरातली वाटावीत. दिसली? हीच ती विठ्ठलरावांची बग्गी. दगडधोंड्यांतून, चिखलातून चालणारी.

ती पाहून आर्णीजवळच्या त्या गावात सगळे हसले. विठ्ठलराव नाही हसले. त्यांनी ती घेतली होती बायकोसाठी, भागीरथाबाईंसाठी. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून दोन वर्षं त्यांनी नाल्यापलीकडचं आपलं शेत पाहिलं नव्हतं. कापसाची वेचणी सुरू करायच्या आधी शेतात सीतादही करतात. दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि मग पहिलं बोंड वेचायचं. तो मान घरच्या बाईचा. दोन वर्षं तो जाऊबाईंनी सांभाळला.

"या वर्साले तुलेच नेतो," विठ्ठलराव म्हणाले होते. आणि ते एकदा म्हणाले, की म्हणाले.

फक्त मागच्या एका चाकाची हवा हळूहळू उतरायची. नाल्यात उतरली तर तिथे हवा भरायला कोण येणार? म्हणून सोबत नेता येईल असा पंप घ्यायचं ठरलं. नात सुरभीला घेऊन ते आर्णीला वाहिदच्या टायरच्या दुकानात गेले. वाहिदने तीन पंप समोर मांडले. बैलजोडी पारखावी तसे विठ्ठलराव तिन्हींभोवती फिरले.

"यातला जोरदार कोन्ता?"

"काकाजी, जोर मत देखो. तुमची गाडी पाहा," वाहिद म्हणाला. "हा पहिला गाडीच्या सॉकेटमधे लागते."

"आपलं सॉकेट मेलं हाय, आबाजी," सुरभी म्हणाली.

"दुसरा बॅटरीला चिमट्यानं लावायचा."

सुरभीने त्याची नळी ओढणीने मोजली. "बॅटरी सीटखाली हाय. मागच्या चाकापर्यंत पुरत नाई."

"पोरगी हुशार हाय काकाजी! तिसरा पाहा. याच्या पोटातच बॅटरी. घरून चार्ज करून न्यायचा. आकडा लावला की तेवढी हवा भरून आपोआप बंद."

"आपोआप?" विठ्ठलरावांनी पंप उचलून कानाशी हलवला. "अन् नाई झाला बंद तं?"

वाहिदने तो मोटरसायकलच्या चाकाला तीनदा लावून दाखवला. तिन्हीदा पंप आपोआप बंद झाला. विठ्ठलरावांनी चौथ्यांदा स्वतः लावून पाहिला आणि मगच मान हलवली.

सीतादहीच्या दिवशी सकाळी बग्गी नाल्याच्या काठाशी आली. पलीकडे लालीबाई वेचणाऱ्या बायांना घेऊन उभी होती. सीतादही झाल्याशिवाय एकीलाही बोंडाला हात लावता येत नव्हता. विठ्ठलरावांनी मागचं चाक दाबून पाहिलं. बसलेलं. त्यांनी पंप काढला आणि वाहिदला फोन लावला. वाहिद मोटरसायकलवर होता. फोनमध्ये वाऱ्याचा नुसता घोंगाट.

"किती हवा भरू?"

"बारा पे रखो, काकाजी! चारों चाक!"

"बारवर?"

"हां हां, बारा!"

फोन कटला. भागीरथाबाईंनी मान वळवली. "कुठी ठेवता म्हनता गाडी?"

"बारवर. वाहिद म्हन्ते."

"अहो, सीतादहीच्या दिवशी? अन् मले कुठी उतरवता, दारूच्या दुकानात?"

बोलणं नाल्यापलीकडेही पोचलं. "अवं बाया, काकाजी बारवर चालले!" लालीबाई ओरडली आणि बायांनी पदर तोंडाला लावले.

"ते बार नाई वं!" विठ्ठलराव पंपाची बटणं दाबत म्हणाले. "हे मशीनमधलं बार हाय. पाह्य सुरभी, काय लिवलं?"

पडद्यावर आधी पीएसआय होतं. एक बटण दाबताच तिथे दुसरी अक्षरं उमटली. सुरभीने वाचलं, "बी, ए, आर. बार."

"झालं! अन् आकडा?"

"दोन पॉइंट पाच."

"अडीचच? एवढ्यानं काय होते! भर."

पीएसआय आणि बार ही हवेच्या दाबाची दोन मापं; एक बार म्हणजे जवळपास साडेचौदा पीएसआय. आता मोठ्या गाडीच्या चाकाला अडीच बार म्हणजे ठीकच हवा. पण बग्गीच्या गुबगुबीत चाकांना ती जवळजवळ तिप्पट झाली. अशा चाकांना हवा कमी लागते. मऊ राहिली तर ती वाळूवर पसरतात आणि गाडीला तोलून धरतात. हे विठ्ठलरावांना ठाऊक नव्हतं. पंप इमानाने घुर्रऽ करत राहिला आणि दर वेळी आपोआप बंद झाला. चारही चाकं ढोलकीसारखी टणक झाली. विठ्ठलरावांनी एकावर थाप मारली आणि ते खूश झाले.

बग्गी निघाली ती उड्या मारतच. भागीरथाबाईंनी पिंजऱ्याची नळी धरली. "अहो, हे गाडी हाय का हरीण?" मागे सुरभीने दह्याची बरणी पोटाशी कवटाळली. वाळूत उतरताच टणक चाकं जागेवरच फिरू लागली, खड्डा करत खाली गेली आणि नाल्याच्या मधोमध बग्गी पोट टेकून बसली.

"जोर कमी पडला," विठ्ठलराव खाली उतरत म्हणाले. "पंप आन. आखीन हवा भरतो."

"आबाजी, थांबा." सुरभीने फोन लावला. या वेळी वाहिद दुकानात होता. तिने विचारलं, आणि तिकडून आलेलं उत्तर सगळ्यांनी ऐकलं.

"बार नाही, बेटा, बारा! दस और दो, बारा! पीएसआय पे!"

सुरभीने बटण दाबून पुन्हा पीएसआय आणलं. मग हवा भरायच्या नळीतली पिन बाभळीच्या काट्याने दाबत ती एकेका चाकाशी बसली. फुस्सऽ... पंप लावून बघायची, पुन्हा फुस्सऽ. चारही चाकं बारावर आली आणि त्यांची पोटं वाळूवर आरामात पसरली.

"आता मी मागून लोटतो," विठ्ठलराव बाह्या सावरत म्हणाले. "भागीरथे, तू हिकडं सरक. उजव्या पायाखाली दांडी हाय, ते हळूच दाब. हळूच!"

हळूच म्हणजे किती, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. भागीरथाबाईंनी पाय दाबला. बग्गी वाळूतून उसळून निघाली, विठ्ठलरावांच्या हातांखालची गाडीच नाहीशी झाली आणि ते तोंडघशी पडले. नाला पार, चढ पार. भागीरथाबाई थेट शेताच्या बांधावर, धुऱ्यावर जाऊन थांबल्या. बायांनी टाळ्या पिटल्या.

"काकू, तुमी स्वतः चालवली?" लालीबाई ओरडली.

भागीरथाबाईंनी आधी समोर पाहिलं. पांढऱ्या फुटलेल्या बोंडांनी शेत भरलं होतं. त्या नुसत्या बघत राहिल्या. मग पदराने डोळे टिपून त्यांनी नाल्याकडे हाक दिली, "अहो, दही आना लौकर! बाया खोळंबल्या!"

विठ्ठलराव अजून वाळूतच बसले होते. मिशीत वाळू, चेहरा पडलेला. सुरभीने एका काखेत दह्याची बरणी घेतली, दुसऱ्या हातात पंप धरला, आजोबांसमोर उकिडवी बसली आणि गंभीर चेहऱ्याने तिने विचारलं,

"आबाजी, तुमच्यात किती भरू?"