सुखदेवभाऊंचा उजवा डोळा

सुखदेवभाऊंची नजर उत्तम होती. अर्ध्या मैलावर उडणारी धूळ बैलांची आहे की बकऱ्यांची, हे ते बसल्या जागेवरून सांगायचे. तरीही शेजारच्या सीटवर माणूस बसल्याशिवाय ते जीप सहसा सुरू करत नसत. "आज उजवा डोया कोन हाय?" असं दवाखान्याच्या पायरीशी उभं राहून विचारायचे, आणि कोणी पुढे झालं नाही तर बोनेटला टेकून खुशाल विडी ओढत बसायचे.

मी मारेगावला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो आणि सुखदेवभाऊ त्यांचे ड्रायव्हर. ती जीप दुसरं महायुद्ध संपल्यावर लिलावात निघालेली, परमुलखातल्या रस्त्यांसाठी बनवलेली. तिचं स्टेअरिंग डाव्या हाताला होतं. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने जाणारी माणसं, त्यामुळे तिचा ड्रायव्हर कडेच्या बाभळींना खेटून बसायचा. पुढे कापसाने लादलेली बैलगाडी आली, की तिच्या पलीकडून काय येतंय ते त्याला मुळीच दिसत नसे. ते दिसे उजवीकडे बसलेल्याला. म्हणून हा उजवा डोळा.

डोळ्याला तीनच शब्द बोलायची परवानगी होती. 'मोकळं', 'थांबा' आणि 'कळत नाही'. यातल्या तिसऱ्याला भाऊंच्या लेखी सगळ्यात मोठा मान. "'कयत नाही' म्हनाले हिंमत लागते, कंपाउंडरबाबू," ते म्हणायचे. "मोकयं तर कोनीबी म्हनते."

गावातल्या सगळ्यांच्या डोळ्यांची त्यांनी परीक्षा घेतली होती आणि निकाल तोंडपाठ ठेवला होता. शाळेचे हेडमास्तर नापास. कारण ते म्हणायचे, "समोरून एखादं वाहन येत असावं, असा माझा अंदाज आहे," आणि वाक्य पुरं होईस्तोवर ते वाहन शेजारून निघूनही जायचं. भाऊ चिडायचे, "मास्तर, असावं कायले म्हनता? हाय का नाही, तेवढं सांगा." किराणा दुकानवाले शेठ गाडी हलली की घोरायचे, म्हणून त्यांना कायमचं मागच्या बाकावर टाकलेलं. पहिला नंबर होता एका कोलाम आदिवासी आजीचा. ती आयुष्यात पहिल्यांदाच मोटारीत बसली होती. तिला तीन शब्दांचा नियम सांगितला तरी तिने मोर, माणूस, म्हैस, जे दिसेल ते खणखणीत आवाजात जाहीर केलं. भाऊ तिला तिच्या पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, उतरवून दवाखान्यात आले ते हात जोडूनच. "असा डोया मिलिट्रीत नाही पाह्यला," म्हणाले. माझा नंबर दुसरा. मला त्याचा फार अभिमान होता, आणि अजूनही आहे.

आरसा त्यांना पसंत नव्हता. "आरसा अर्धं सांगते," हे त्यांचं ठाम मत. खांद्यामागची जी जागा आरशात येत नाही तिथेच नेमकं कोणीतरी असतं, असा त्यांचा अनुभव होता. म्हणून गाडी काढण्याआधी ते तिला एक फेरी मारायचे, वाकून खाली बघायचे, आणि सापडलेल्या कोंबडीला किंवा कुत्र्याला नाव घेऊन उठवायचे. मान वळवून मागे बघायची सवय तर अंगात इतकी मुरली होती, की लग्नाच्या पंगतीतून उठतानाही ते आधी उजव्या आणि मग डाव्या खांद्यावरून बघून घ्यायचे. वाढपी वरणाची बादली घेऊन तिथेच थबकायचे.

एकदा मात्र त्यांनी कमाल केली. जवळच्या गावचे एक पाटील दाढ सुजून आले. गाल एवढा फुगलेला, की पागोटं तिरकं बसत होतं. डॉक्टरांनी त्यांना जीपने वणीला न्यायला सांगितलं. नेमके तेव्हा माझे डोळे आले होते, लालभडक. भाऊंनी मला बघितलं आणि सरळ मागे बसायला सांगितलं. पाटीलही मागेच चढले. पुढची सीट रिकामी होती, पण सुखदेवभाऊंच्या शेजारी पाटील कसे बसणार? छप्पन साली भाऊ नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते, तरी गावाच्या हिशेबात फार काही बदललेलं नव्हतं.

त्या दिवशी भाऊंनी गाडी सुरू केली, कारण रोगी अडलेला होता. पण पुढे निघाली होती सरकी काढायच्या जिनिंग कारखान्याकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांची रांग. जीप तिच्या मागे बैलांच्या चालीने चालू लागली.

"अरे, काढ ना पुढं!" पाटील गालाला हात लावून ओरडले.

"कसा काढू, पाटील? मले उजवीकडलं दिसत नाही."

"कंपाउंडरले बसव समोर!"

"त्यायचे डोये आले. कोनाले ठोकलं मंग?"

दोन मैल पाटलांनी दम धरला. प्रत्येक खड्ड्यात दाढ कळ मारत होती. शेवटी ते म्हणाले, "थांबव." उतरले, पुढे जाऊन बसले आणि आधी नुसते समोर बघत राहिले. मग हळूच आवाज आला, "मोकयं हाय." एक गाडी मागे पडली. मग दुसरी. वणी येईपर्यंत पाटील अर्धे बाहेर लोंबकळत होते आणि "आनखी एक काढ, सुखदेव! निंघते, निंघते!" म्हणून ओरडत होते. दाढेचं कुठे काय.

परत आल्यावर मी ही गोष्ट गावभर सांगितली आणि पोट धरून हसलो. ड्रायव्हरचं खूळ, यापलीकडे माझ्या डोक्यात काही आलं नाही.

अशी आठ-नऊ वर्षं गेली. जीप म्हातारी झाली. डॉक्टरांनी नागपूरहून एक मोटार आणली, वापरलेली पण झकास. स्टेअरिंग उजवीकडे, मागे जाड स्प्रिंगची गादी. सगळा दवाखाना बाहेर येऊन बघत होता. भाऊंनी तिला नेहमीसारखी फेरी मारली, चार मैल चालवून आणली, आणि किल्ली डॉक्टरांच्या टेबलावर ठेवून म्हणाले, "साहेब, मले ही गाडी नाही जमत. दुसरा मानूस पाहा."

डॉक्टरांना वाटलं, पगाराचं असेल. ते वाढवायला तयार होते. भाऊ नाही म्हणाले. उजव्या हाताच्या स्टेअरिंगची सवय नाही म्हणावं, तर माणसाने फौजेत ट्रक चालवलेले. घरी एकटेच. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. ही नोकरी सोडून ते करणार काय, हे कोणालाच कळेना. "तुम्ही त्यांच्याबरोबर वणीला जाऊन औषधं घेऊन या," डॉक्टर मला म्हणाले, "आणि काय बिघडलंय ते विचारा. असा माणूस मला परत मिळायचा नाही."

मी गादीवर उडी मारून मागे बसलो. खरं सांगतो, सकाळपासून माझं लक्ष त्या गादीवरच होतं.

भाऊंनी गाडी सुरेख चालवली. समोरचं सगळं त्यांना आपल्या डोळ्यांनी दिसत होतं. कोणाला न विचारता, हॉर्न देत, एकेक बैलगाडी मागे टाकत होते. राजूरकडून कोळशाचे ट्रक येत होते, त्यांनाही अलगद जागा देत होते. पण तोंडातून शब्द नाही. जीपमध्ये हाच माणूस फौजेतल्या गोष्टी, गावातली भांडणं, कोणाच्या बैलाला काय झालं, हे सगळं सांगून कान किटवायचा. मी दोनदा काही विचारलं. इंजिनाच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही.

वणीत औषधांची खोकी डिकीत ठेवली आणि मी म्हणालो, "सुखदेवभाऊ, आता तर सगळं दिसतं तुम्हाला. मग काहून सोडता?"

त्यांनी फडक्याने काच पुसायला घेतली. ती स्वच्छच होती.

"त्या जीपमंदी नऊ वर्सं सारं गाव माह्या बाजूले बसलं, बाबू. पाटील बसले, मास्तर बसले. गरजेपायी बसले, मले कयते. पन बसले. मी इचारलं तं त्यायनं सांगतलं, त्यायच्या शब्दावर मी गाडी काढली. ह्या गाडीत मले कोनाची गरज नाही. मंग कोन बसन बाजूले? पाहा ना, तुमीबी मांगंच बसले."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नऊ वर्षं मी त्यांचा दुसऱ्या नंबरचा डोळा म्हणून मिरवत होतो, आणि हे एवढं मला दिसलं नव्हतं.

येताना मी पुढचं दार उघडून बसलो. "मांगं गादी चांगली हाय," ते म्हणाले. "असू द्या," मी म्हणालो. मग त्यांनी बायकोचा विषय काढला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिला मोटारीची भीती वाटायची, एकदा बसली ती डोळे गच्च मिटून. "तिचा डोया नापास केला मी," ते म्हणाले आणि हसले, आणि बोलतच राहिले.

गाव जवळ आलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, की हा माणूस माझ्या घराच्या दारापर्यंत मला शंभरदा सोडून गेला, पण आत कधी आला नाही. मी कधी बोलावलंच नव्हतं. "भाऊ, चहा आज माझ्या घरी," मी म्हणालो. त्यांनी गाडी इतकी सरळ, इतकी भिंतीला लावून उभी केली, की जणू आता ती तिथेच राहायची होती.

माझी आई दारात आली. तिने त्यांना बघितलं, मला बघितलं. मग तिने खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, "साखर किती घालू?"

"तुमी तुमच्यात घालता तेवढी," सुखदेवभाऊ म्हणाले.

आमच्याच कपातला चहा त्यांनी फार सावकाश घेतला. निघताना पायरीवर चप्पल चढवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "डाक्टरसाहेबाले सांगजा. गाडी चांगली हाय. मी चालवतो."