सर्व आले, आमेन

एका जंगलात, मुलांनो, एक मेंढपाळ कुणालाही न विचारता येऊन राहिला होता.

मेंढपाळ म्हटला की त्याने मेंढ्या राखाव्यात. पण या बाबाचं तेवढ्यावर भागत नसे. संध्याकाळी तो ओढ्याकाठी भाकरी घेऊन बसे आणि जो येईल त्याला बसवून घेई. ससा आला, ये बस. तरस आलं, तूही बस. तरसाला पाहून सशाने अंग चोरलं तर म्हणे, "हवं तर सरकून बस, पण बस."

त्याची एक रीत होती. भाकरी मोडण्याआधी तो सगळ्यांकडे नजर फिरवून विचारी, "कोण आलं नाही?" जो आला नसेल त्याला शोधायला मग सगळे उठत. तो सापडेपर्यंत भाकरी तशीच. तोवर सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडत. खुद्द कावळ्यांच्यासुद्धा.

पुढे मेंढपाळ निघून गेला. जाताना एवढंच म्हणाला, "रीत सोडू नका."

प्राण्यांनी सोडली नाही. सोडली असती तर बरं झालं असतं, पण मग मी तुम्हाला काय सांगितलं असतं?

आधी ते ओढ्याकाठीच बसत. मग खाली चटई आली. वर छप्पर आलं. मग कुणाला तरी वाटलं, ओढ्याकाठी चिखल फार, मेंढपाळाच्या नावाला शोभत नाही. मग टेकडीवर दगडी इमारत झाली. तिला घंटा आली, घंटेला दोरी आली आणि दोरी कुणी ओढायची यावर भांडण आलं. टेकडीवर चढायला उंच उंच पायऱ्या बांधल्या. चढताना जो तो नम्र व्हावा, असा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीचा हेतू होता. म्हातारी जनावरं नम्र होऊन अर्ध्यावरच बसू लागली.

आणि रीत? रीत तर फारच सुंदर झाली. बुलबुलाने तिला चाल लावली. उपासनेच्या मध्यावर पाळकसाहेब, म्हणजे रेव्हरंड सारस, दोन्ही पंख पसरून गंभीर सुरात विचारत, "कोण आलं नाही?" आणि सगळी मंडळी एका तालात गाई, "सर्व आले, आमेन!"

त्यातलं शेवटचं, उंच चढत जाणारं आमेन मार्थाबाई मेंढीचं होतं. तसं आमेन जंगलात दुसऱ्या कुणाला जमत नसे. मार्थाबाईंना त्याचा अभिमान होता. थोडा नव्हे, चांगला मानेच्या लोकरीपर्यंत होता.

त्यांच्या पुढच्या बाकावर शांतवनकाका बसत. हे कासव. मेंढपाळाच्या हातची भाकरी खाल्लेलं आता हे एकटंच उरलं होतं. मार्थाबाई कोकरू असताना एकदा करवंदीच्या जाळीत अडकल्या होत्या, तेव्हा त्यांना शोधायला हे काकाच निघाले. हरवलेल्या कोकराला शोधायला कासवाने निघणं म्हणजे वेडेपणाच, नाही का? काका पोचले तेव्हा सकाळ झाली होती. पण पोचले.

तर मुलांनो, इमारतीचा वर्धापनदिन आला. मोठ्या जंगलातून बिशपसाहेब पाहुणे म्हणून आले. ते हत्ती असल्यामुळे दारातून आत येईनात. शेवटी सोंड तेवढी आत घेतली आणि बाकीचे बिशप बाहेर उभे राहिले. आशीर्वादाला सोंड पुरते.

पाळकसाहेबांनी पंख पसरले. "कोण आलं नाही?"

"सर्व आले," मंडळीने सूर धरला. मार्थाबाईंनी आमेनसाठी मान वर केली, आणि त्यांची नजर पुढच्या बाकावर गेली. बाक रिकामा होता. काका कधी चुकत नसत. सकाळी उपासना असली तर आदल्या संध्याकाळीच निघत.

आमेन घशातच राहिलं. मंडळी वाट पाहत थांबली. मोराने मागून हळूच ढोसलं. "बाई, आमेन!"

"शांतवनकाका आले नाहीत," मार्थाबाई म्हणाल्या.

घंटेवरची पालसुद्धा चुकचुकायची थांबली. त्या प्रश्नाला असंही उत्तर असू शकतं, हे कुणाच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

चिटणीसबाई घोरपड खुर्चीवरून उठल्या. ही मोठीच गोष्ट म्हणायची, कारण घोरपड एकदा खुर्चीला चिकटली की सहसा सुटत नाही. त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "मार्थाबाई, हा प्रश्न नाही. हा विधी आहे."

"पण विचारलंय ना त्यांनी?"

"विचारायचं असतं म्हणून विचारलंय. उत्तर हवंय म्हणून नाही."

पाळकसाहेब वाईट नव्हते. त्यांचा आवाज खरोखरच मऊ झाला. "बाई, आपण शांतवनभाऊंसाठी विशेष प्रार्थना ठेवू या. चांगली मोठी ठेवू."

"ठेवा, पाळकसाहेब. तोवर मी बघून येते."

आणि मार्थाबाई चालू लागल्या. दगडी फरशीवर त्यांचे खूर असे वाजले, की त्यांचं त्यांनाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. दारात बिशपसाहेबांची सोंड आडवी होती. त्या घाबरत "सलाम, बिशपसाहेब," म्हणाल्या आणि सोंड ओलांडून बाहेर पडल्या.

काका सापडायला वेळ लागला नाही. ते पायऱ्यांच्या तळाशी, ऐन उन्हात, पाठीवर उताणे पडले होते. वरच्या पायरीवरून जे घसरले ते थेट खाली. त्यांचे पाय हवेत अगदी सावकाश हलत होते. आणि त्यांच्यावर वाकून थोमा तरस उभा होता.

मार्थाबाई दोन पावलं मागे सरल्या.

"खाल्लं नाही हं, बाई," थोमा घाईघाईने म्हणाला. "आधीच सांगून ठेवतो."

या थोमाला मंडळीतून काढून टाकलं होतं. तो मूक प्रार्थनेत हसला होता. तरसाचं हसणं म्हणजे आपल्या उचकीसारखं, येतं तेव्हा येतं. पण नियमात उचकीला सूट होती, हसण्याला नव्हती.

"मग सरळ का नाही केलंस त्यांना?" मार्थाबाई कडाडल्या.

"तोंड लावावं लागतं, बाई. काकांना तोंड लावलेलं कुणी पाहिलं, तर माझं म्हणणं कोण ऐकणार? माझं कातडं कमिटीच्या भिंतीवर दिसेल. म्हणून सावली धरून उभा राहिलोय. ऊन सरकतं तसा सरकतो."

मार्थाबाईंना फार लाज वाटली. वर आपण गार दगडाच्या सावलीत मान उंचावत होतो, आणि इथे हा उपाशी तरस कासवाला सावली देत उभा होता. पण लाजत बसायला वेळ नव्हता. काकांचे डोळे मिटत चालले होते.

"मी डोकं लावते. तू खांदा लाव. कुणी विचारलं तर मी सांगेन."

दोघांनी जोर केला. एकदा काका नुसतेच गरगर फिरले. दुसऱ्यांदा धपकन सरळ झाले. दोघांनी त्यांना ढकलत ढकलत ओढ्यावर नेलं. पोटभर पाणी प्यायल्यावर काकांनी मान बाहेर काढली आणि विचारलं, "उपासना सुटली का गं?"

काकांनी उपासनेसाठी आणलेली भाकरी गवतात पडली होती. थोमाने ती हुंगून काढली आणि जीभ आवरून आणून दिली. काकांनी ती मोडायला घेतली, आणि जुन्या सवयीने दोघांकडे नजर फिरवली. "कोण आलं नाही?"

तेवढ्यात टेकडीवरून सूर आला. राहिलेली उपासना पुन्हा सुरू झाली होती. "सर्व आले, आमेन!" आमेन जरा घसरलं. मोराने म्हटलं असणार.

मार्थाबाई वर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ती वरची सगळी आली नाहीत, काका."

काकांनी भाकरी खाली ठेवली. "मग जायला हवं."

"तिथे?" थोमा दचकला.

"हरवलेला जिथे असतो तिथेच जावं लागतं, बाबा. मला पाठीवर घे."

तरसाच्या पाठीवर कासव आणि पुढे मेंढी अशी ती वरात पायऱ्या चढली. तरसाचा वास येताच बिशपसाहेबांनी सोंड बाहेर ओढून घेतली. सकाळपासून पहिल्यांदाच दार मोकळं झालं.

"मंडळी," काका बारीक आवाजात म्हणाले, "आम्ही तुम्हाला शोधायला आलोय. चला. भाकरी खोळंबली आहे."

थोमाला आवरेना. तो हसला. छत दणाणलं, घंटासुद्धा थरथरली.

"मौन! मौन!" चिटणीसबाई ओरडल्या.

मागच्या बाकावरचा एक ससा उठला. एक आंधळं घुबड उठलं. काही कावळे उठले, ते भुकेने असतील, पण उठले. पाळकसाहेबांनीही दाराकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्यांचा एक पाय उचलला गेला. तेवढ्यात चिटणीसबाईंनी पुढच्या गीताचा क्रमांक पुकारला. पाळकसाहेबांनी तो उचललेला पाय पोटाशी घेतला आणि ते तसेच उभे राहिले. सारसांना तशी सवय असते.

या घटनेची मंडळीने योग्य ती दखल घेतली, मुलांनो. पायऱ्यांच्या तळाशी आता एक दगडी कासव आहे, उताणं. दर वर्धापनदिनाला बिशपसाहेब सोंडेने ते सरळ करतात, मंडळी नव्या चालीचं गीत गाते आणि कित्येकांचे डोळे भरून येतात. मग पुढच्या वर्षासाठी ते पुन्हा उताणं करून ठेवतात. शांतवनकाकांना आग्रहाचं निमंत्रण असतं. पण पायऱ्या अजून तेवढ्याच उंच आहेत.

काका ओढ्याकाठीच बसतात. तिथे मार्थाबाई असतात, थोमा असतो, ससा, घुबड आणि ते कावळे असतात. परवा अवकाळी सर आली आणि भाकरी भिजली. मार्थाबाई सहज म्हणाल्या, "इथे वर एखादं छोटंसं छप्पर घातलं तर?"

थोमा जो हसत सुटला, तो गडबडा लोळला. मार्थाबाईंनी जीभ चावली. पण छपराचा विचार काही त्यांच्या मनातून गेला नाही.

तात्पर्य : उपासनेला जाताना पायऱ्यांवरून पडू नये. तोल अगदीच गेला, तर मंडळीतून काढून टाकलेल्या एखाद्याच्या पुढ्यात पडावं. सभासद त्या वेळी तुमच्यासाठी प्रार्थना करण्यात गुंतलेले असतात.