खंडागळे सर आणि लिथियम

खंडागळे सर ढगांवर रागवायचे. श्रीरामपुरावर आभाळ भरून आलं की सगळे सुखावत. सर मात्र धावत प्रयोगशाळेत येत आणि लिथियम क्लोराइडच्या बाटलीचं झाकण आवळत. "हवेतलं पाणी पितं हो हे! झाकण सैल राहिलं, तर सकाळी मीठ नाही, नुसतं सरबत!"

मी कॉलेजात नवी शिक्षिका, कमी बोलणारी. सर दोघांच्या वाटचं बोलायचे. लिथियम त्यांच्या लेखी घरातला थोरला मुलगा. "सोडियम, पोटॅशियम ही धाकटी बघा. त्यांची कार्बोनेटं तापवा, ढिम्म! थोरल्याचं मात्र तापलं की कार्बन डायऑक्साइड सोडून मोकळं. अंगानं लहान, पण मनाला लावून घेणारा." मग ज्योतीत चिमूटभर क्षार धरायचे. किरमिजी उजेडाकडे बघताना सर कुठेतरी लांब गेल्यासारखे दिसायचे.

लग्न, बारसं, सहल, सर कशालाच येत नसत. आता स्वतःच्या निरोप समारंभालाही नाही म्हणाले. आमंत्रण सपत्नीक होतं.

"सर तुमच्यावर वरडत न्हाईत, मॅडम," शिपाईमामा म्हणाले. "समजवायला तुमीच जा."

मी बेलापूरला त्यांच्या घरी गेले. गल्लीत साखर कारखान्याचा गोडसर वास तरंगत होता. सरांच्या पत्नीनं, काकूंनी, "ये गं" म्हणून दार उघडलं आणि त्या पुन्हा झोपाळ्यावर जाऊन बसल्या. सरांनी त्यांच्या तळहातावर गोळी ठेवली. पाकिटावर नाव होतं: लिथियम कार्बोनेट. दिवसभर पाण्याशी भांडणारे सर भरलेला तांब्या घेऊन उभे होते. "सगळं पी. पाणी कमी पडलं तर औषध बाधतं."

मी पाकीट वाचलेलं त्यांनी पाहिलं. मला ओसरीवर नेऊन हळूच म्हणाले, "मन फार उंच उडायचं हिचं, मग खोल बुडायचं. आता शांत असते. मागे एका लग्नात लोक हसले हिला. पुन्हा नको."

पाठ करून आणलेलं सगळं मी विसरले. आत जाऊन एवढंच म्हणाले, "काकू, सरांचा निरोप समारंभ आहे."

सर दचकले. त्यांनी घरी सांगितलंच नव्हतं.

झोपाळा थांबला. "अहो, मला नाही न्यायचं?"

"गर्दी असेल गं."

"असू दे की. साडी कोणती नेसू, तेवढं सांगा."

सरांनी झोपाळ्याची कडी धरली. "मोरपंखी," शेवटी म्हणाले.

काकू आत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला, तसे सर माझ्याकडे वळले.

"तुम्ही बसाल ना तिच्या शेजारी?"