खैरनार सरांचा कोळसा

आमच्या शेजारच्या खैरनार सरांना कचरा निवडून द्यावा लागे. भाजीची देठं दिली की तोंड वाकडं. करवंटी दिली की माणूस खुलायचा. गंगापूर रोडवरच्या आमच्या कॉलनीत कुणाकडे सत्यनारायण असला, की सर प्रसादाआधी विचारणार, "वहिनी, नारळ किती फोडले?"

सर केमिस्ट्री शिकवून रिटायर झालेले. करवंट्या डालड्याच्या डब्यात भरायच्या, झाकण मातीनं लिंपायचं आणि डबा शेगडीवर. आत कोळसा झाला, की कुकरच्या शिट्टीच्या जागी नळी लावून त्या तापलेल्या कोळशात वाफ सोडायची. "ॲसिड-बिसिड काही नाही! वाफेनं कोळशाला भोकं पडतात आणि वास त्या भोकांत जाऊन बसतो. सगळा खेळ भोकांचा, वहिनी!" हे हळदीकुंकवाच्या बायकांसमोर! आम्ही पदरात तोंड खुपसून हसायचो.

हे वेड कशापायी, ते मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या मिसेस, सुमनताई, अंथरुणाला खिळलेल्या. पाठीला जखमा झालेल्या. भेटायला आलेल्या एका बाईनं नाकाला पदर लावला, तेव्हापासून ताई कुणालाच खोलीत येऊ देत नव्हत्या. सरांना त्यांच्याजवळ कुणीतरी बसायला हवं होतं.

पण प्रयोग आमच्यावर! मी दळणाला गेलेली बघून सरांनी आमच्या सासूबाईंना पटवलं आणि कोळशाची पुरचुंडी थेट वर्षभराच्या काळ्या मसाल्यात खुपसली. महिन्याभरानं रस्सा केला, तर नुसतं तिखट पाणी! मी तणतणत गेले. सर नाचायचेच बाकी होते.

"मसाल्याचा वास गेला? वा! म्हणजे जमलं!"

आता ह्या माणसाला काय म्हणावं?

चार दिवसांनी तेच बोलवायला आले. "सुमन हो म्हणालीय. पाचच मिनिटं या."

पलंगाभोवती जुन्या साड्यांच्या पुरचुंड्या टांगलेल्या. वास होता. कमी होता, पण होता. ताई माझ्या नाकाकडेच बघत होत्या. मी पलंगावर बसले, त्यांचा हात धरला आणि मसाल्यापायी सरांचा मनसोक्त उद्धार केला. ताई हसता हसता रडल्या. मीही रडले, खोटं कशाला सांगू.

निघाले तर सर फाटकापर्यंत मागोमाग आले. "खरं सांगा, वास येतो ना? मला सवय झालीय हो, मला कळत नाही आता."

"थोडा येतो."

त्यांनी मान खाली घातली.

"उद्या मेथीच्या जुड्या घेऊन येते," मी म्हटलं. "निवडत बसू दोघी."

सर एकदम वळले आणि अंगणातूनच ओरडले, "सुमन, उद्यापण येणारेत गं!"