डाव्या सीटचं वजन

जोतिराम तात्यांनी माझं नाव विचारलं ते ओळख होऊन चार-पाच महिने उलटल्यावर. वजन मात्र पहिल्याच दिवशी विचारलं. आम्ही साताऱ्यात गोडोलीला राहायला आलो त्या दिवशी मी डोक्यावर गादी घेऊन जिन्याकडे निघालो होतो. शेजारच्या फाटकाला रेलून उभे असलेले एक मिशाळ गृहस्थ म्हणाले, "तुमी किती भरता?"

"काय?" मी गादीखालून विचारलं.

"वजन, वजन."

मी अठ्ठावन्न सांगितलं. त्यांनी खेदानं मान हलवली, "कमी हाय," म्हणाले आणि घरात निघून गेले.

तात्यांच्या लेखी माणसं म्हणजे किलो. माझा मेहुणा येऊन गेला तर मला निरोप मिळायचा, "तुमी न्हवता तवा ब्याऐंशी किलो येऊन गेलं." त्यांच्या ओट्यावर पोती तोलायचा एक जुना काटा होता. पाणी विचारण्याआधी ते पाहुण्याला त्याच्यावर उभं करत. माझ्या सासूबाई एकदा सापडल्या. तेव्हापासून त्या आमच्याकडे मागच्या बोळातून येतात.

लष्करात गाड्या चालवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. पेन्शनीत आल्यावर त्यांनी एक पिकअप घेतली आणि महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी सातारा-सांगलीच्या बाजारात पोचवायला लागले. मी पाहिली तेव्हा गाडी म्हातारी झाली होती, धंदाही बंद होता. तरी रोज सकाळी गाडी धुतली जायची. रस्त्यावरच्या सगळ्या नव्या गाड्यांपेक्षा ती चकचकीत असायची आणि कुठंही जात नसायची.

तिचं इंजिन त्यांना जोरकस करून घ्यायचं होतं. सांगलीला माधवनगरच्या रस्त्यावर रफीकभाई मिस्त्रींचं गॅरेज आहे. मोठा टर्बो बसवून, पंपाचं सेटिंग बदलून ते काम करून द्यायला रफीकभाई कधीचे तयार होते. पण आज इंजिनात किती दम आहे, हे कळल्याशिवाय उद्या किती वाढला ते कसं कळणार? म्हणून तात्यांचं एकच पालुपद, "माप घेतल्याबिगर हात लावायचा न्हाई."

हा नियम इंजिनापुरता असता तर मी समजून घेतलं असतं. त्यांचा नळ गळायचा. प्लंबर आला तर त्याला दारातच थोपवला, कारण बादली किती वेळात भरते हे अजून ठरलं नव्हतं. दाढ दुखायला लागली तेव्हा डॉक्टरांनी तोंडात आरसा घातला, तर तात्या त्यांचा हात धरून म्हणाले, "आदी किती दुखतंय ते तर बगा." मला वाटतं, डॉक्टरांनी त्यांना भूल जरा जास्तच दिली असावी.

इंजिनाचं माप ते यवतेश्वरच्या घाटात घेत. मागं वाळूची ठरावीक पोती, टाकीत ठरावीक डिझेल, काचा बंद, आणि डाव्या सीटवर ठरावीक वजनाचा माणूस. घाट चढायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघायचं. हा डावा माणूस म्हणजे दर रविवारी मी. चित्रकलेच्या शिक्षकाला रविवारी काय काम असतं, असं त्यांचं म्हणणं होतं आणि दुर्दैवानं माझ्या बायकोचंही तेच होतं.

मी कमी भरत असल्यामुळे माझ्या मांडीवर जोंधळ्याची एक पिशवी ठेवली जायची. काट्यावर आम्ही दोघं, म्हणजे मी आणि जोंधळे, बरोबर भरलो की तात्या "हां" म्हणायचे. पायाखाली एक मोठा काळा दगड असायचा. माझे गुडघे त्यामुळे हनुवटीला लागायचे. मी तो एकदा मागं सरकवायला गेलो तर तात्या ओरडले, "ऱ्हाऊ द्या. त्यो मापात धरल्याला हाय."

असे कितीतरी रविवार गेले, पण माप काही झालं नाही. एकदा वारं उलटं होतं. एकदा म्हशी आडव्या आल्या. एकदा त्यांनी माझ्याकडे बघून नाक फेंदारलं.

"सर, मिसळ खाल्ली?"

"एकच प्लेट, तात्या."

"मग गेलं माप."

घाटात वर एक अवघड वळण आहे. तिथं पोचायच्या आत दर वेळी काहीतरी बिनसायचं आणि आम्ही गाडी वळवून परत यायचो. मी वैतागायचो, पुढच्या रविवारी जायचं नाही असं ठरवायचो. आणि रविवारी सकाळी फाटकाशी दोन कप चहा घेऊन उभे असलेले तात्या दिसले की चप्पल घालायचो. त्यांच्या बायकोला, शालनकाकींना, जाऊन वर्ष झालं होतं. मी त्यांना पाहिलेलं नाही. मुलगा फौजेत, लांब काश्मीरकडे. तात्या स्वतःपुरती एक भाकरी थापायचे. इतकं मापात जगणाऱ्या माणसाचं पीठ मात्र रोज दोन भाकरींचं भिजायचं, आणि उरलेला गोळा गल्लीतल्या गायीला मिळायचा.

मग रफीकभाईंचा फोन आला. त्यांनी गॅरेजात इंजिनाची ताकद मोजायचं यंत्र बसवलं होतं. आता ना घाट, ना म्हशी. तात्यांना सबब उरली नाही. आम्ही कऱ्हाडवरून सांगली गाठली.

गाडीची मागची चाकं यंत्राच्या फिरत्या रुळांवर चढवली. गाडी जागच्या जागी उभी आणि चाकं अशी पळायला लागली की मी भिंतीला टेकलो. क्षणात पडद्यावर आकडा आला.

"हे तुमचं माप," रफीकभाई म्हणाले. "गाडीच्या वयाच्या मानानं चांगलं हाय."

तात्या पडद्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आन् ह्यास्नी बाजूला बसवलं तर?"

"आवं तात्या, गाडी जाग्यावर हाय. शेजारी कोण बसलं काय आन् न बसलं काय, मशिनला काय फरक न्हाई."

तात्यांनी किल्ली रफीकभाईंच्या हातात दिली. 

गाडी तिथंच ठेवून आम्ही एसटीनं परत निघालो. हातात स्टिअरिंग नसलेले तात्या मी पहिल्यांदाच पाहत होतो. हात कुठं ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. कऱ्हाड मागं पडल्यावर ते बोलायला लागले.

कास पठाराकडच्या हॉटेलांना माल पोचवायचा तर यवतेश्वरचा घाट चढावा लागे. भरलेली गाडी त्या वळणावर हटकून बंद पडायची. शेजारी बसलेल्या काकी खाली उडी मारून चाकामागं दगड लावायच्या. गाडी पुन्हा सुरू झाली की चढावर थांबवता येत नसे, म्हणून तात्या तशीच वर सपाटीपर्यंत न्यायचे. काकी तो दगड उचलून मागनं चालत यायच्या.

"म्हनायची, इंजनाची ताकद वाडवा, माजं गुडगं गेलं. मी म्हनलं, वाडवू. पन आदी माप. तिला शेजारी बसवून माप घेतलं. मग खातरीला परत घेतलं. उन्हाळ्यात घेतलं, थंडीत घेतलं." ते खिडकीबाहेर बघत होते. "म्हनायची, तुमचं माप हुईस्तोवर मी म्हातारी हुईन. म्हातारी बी न्हाई झाली, सर."

जोंधळ्याची पिशवी कुणाचं वजन भरून काढायला होती, ते मला त्या एसटीत कळलं. 

गाडी तयार होऊन आली त्या रविवारी मी मिसळ खाल्ली नाही. मांडीवर पिशवी घेतली, दगडावर पाय ठेवले, हातात घड्याळ धरलं. गाडी घाटाला लागली ती वेगळाच आवाज करत. वारं उलटंच होतं. तात्यांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. वळण आलं. त्यांनी दोन्ही हातांनी चाक घट्ट धरलं, आणि गाडी कुरकुर न करता, गिअरसुद्धा न बदलता वळणातून वर आली.

सपाटीवर येताच तात्यांनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. मी घड्याळाच्या बटणावर अंगठा ठेवला.

"नगा," ते म्हणाले. "पयल्या मापात तिचा चालत यायचा येळ बी धरल्याला हाय."

त्यांनी बाहेरच्या आरशात पाहिलं. मीही माझ्या बाजूच्या आरशात पाहिलं. मागचा रस्ता वळणापर्यंत रिकामा होता. आम्ही बसून राहिलो. मधे एकदा त्यांनी खिशातून फडकं काढून आरसा पुसला. माझ्या मांडीला पिशवीनं मुंग्या आल्या होत्या, पण मी हललो नाही.

बऱ्याच वेळानं तात्या म्हणाले, "हं. आता करा बंद."

घड्याळ माझ्याच हातात होतं. त्यांनी त्याच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं.