काल्पनिक कुटुंब

"फक्त एक कुटुंब रचायचंय," औषधवाल्या बाई म्हणाल्या आणि नोंदकाकांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

नोंदकाका म्हणजे वाचनालयाचे निवृत्त ग्रंथपाल. अडतीस वर्षांत त्यांनी रजिस्टरात एकही खोटी नोंद केली नव्हती, म्हणून वाचकांनी ठेवलेलं हे नाव. औषधवाल्या बाईंनी दुकान मुलाकडे सोपवून एक मंडळ काढलं होतं. हृदयाची लय बिघडवणारे काही आजार घराण्यातून उतरतात आणि धडधाकट माणसाला उभ्याउभ्या पाडतात, हे लोकांना सांगायचं, एवढंच मंडळाचं काम. काका तिथे स्वयंसेवक. टेबलामागे बसणाऱ्याला कोणी तपासत नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी हेरलं होतं.

"रविवारच्या शिबिरात डॉक्टरांच्या तपासणीआधी लोकांनी आपापल्या घरची माहिती भरायची आहे. ती कशी भरायची ते कळायला एक वंशावळ करून द्या. काहीही ठोकून द्या हो!"

काहीही ठोकून देणं काकांना जन्मात जमलं नव्हतं. तीन दिवस ते कोरा कागद घेऊन बसले. एका काल्पनिक आत्याला त्यांनी मारलं, पण इतकं अपराधी वाटलं की लगेच खोडून जिवंत केलं. चौथ्या दिवशी मात्र हात आपसूक चालला. वडील : छत्तिसाव्या वर्षी, तलावात पोहताना. धाकटा भाऊ : एकोणतिसाव्या वर्षी, फोनची घंटा वाजताच. स्वतः : दोनदा बेशुद्ध, एकदा शाळेच्या घंटेने, एकदा कुकरच्या शिट्टीने, तपासणी नाही. एक मुलगी, एक नात : दोघींना कल्पना नाही.

नाव तेवढं लिहिलं नाही. लिहिलेलं काकांनी एकदा वाचलं. कागद फाडणार, तोच बाईंनी तो ओढून घेतला. "वा! काय डोकं चालतं हो तुमचं!"

रविवारी ती वंशावळ दाराएवढी मोठी होऊन वाचनालयाच्या भिंतीवर लागली आणि काकांची खुर्ची नेमकी तिच्याखाली. लोक अर्ज सोडून भिंतच वाचू लागले. त्यात कोपऱ्यावरचा बेकरीवाला सगळ्यांत पुढे.

"काका, या माणसाने तपासणी का नाही केली?"

"भितो तो."

"जिवाला?"

"नाही हो. कागदावर काही निघालं, तर मुलीला ते आपणच दिलं असं होईल. तपासलंच नाही, तर दिलंही नाही."

"हे कुठलं शास्त्र?"

"शास्त्र नाही. भीती."

"आणि मुलीला सांगितलंसुद्धा नाही? नालायक माणूस!"

"आहे खरा," काका खाली बघत म्हणाले.

"मला भेटू दे एकदा. भट्टीत घालीन!"

मागून दोघीतिघींनी "बरोबर आहे" म्हटलं. काकांनी पत्रकांचा गठ्ठा छातीशी धरला. तेवढ्यात दारातून त्यांची मुलगी आली, मागे बारा वर्षांची नात.

"बाबा, जरा लवकर नंबर लावा ना. हिची पोहण्याच्या संघात निवड झालीय. उद्यापासून सराव, आज डॉक्टरांची सही हवी."

मुलगी टेबलावरच अर्ज भरू लागली. 'कुटुंबात कोणी चाळिशीच्या आत अचानक दगावलं आहे का?' तिने पटकन 'नाही'वर खूण केली आणि अर्ज उचलला.

आता गप्प बसलं की झालं. सही होईल, घरी जाता येईल, आणि उद्या पोर पाण्यात उतरेल.

"तिथं... तिथं 'हो' हवं," ते पुटपुटले.

"का? आजोबा तर बुडाले होते. आणि धाकटा काका तापाने गेला."

"तलाव चारदा आरपार करायचे गं ते. असा माणूस कमरेएवढ्या पाण्यात बुडत नाही." त्यांनी मान वर न करता भिंतीकडे बोट केलं.

मुलीने वरपासून खालपर्यंत वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"कुकर," ती हळूच म्हणाली. "मी सातवीत होते. तुम्ही म्हणालात, फरशी ओली होती."

"फरशी कोरडी होती."

बेकरीवाल्याने भिंतीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. "म्हणजे तो नालायक..."

"मीच."

"बसा काका, बसा. पाणी आणा रे कोणीतरी! अहो, बोलण्याच्या भरात बोललो. भट्टी बंदच असते रविवारी."

पुढच्या दहा मिनिटांत काका सदरा काढून, अंगाला वायरी लावून आडवे होते. दात वाजत होते. "आजोबा, फक्त गार लागतं," शेजारी उभी असलेली नात म्हणाली. डॉक्टरबाईंनी त्यांच्या हृदयाच्या आलेखाची पट्टी फार वेळ पाहिली. "रक्त घेऊन जनुकं तपासूया. सुरुवात तुमच्यापासून, मग मुलीचं. तोवर हिचं पोहणं बंद."

नातीने आजोबांशी बोलणं टाकलं. घरात आता वेगळीच भीती. फोनच्या घंटेने काही व्हायला नको म्हणून मुलीने काकांचा फोन मुका केला. मग तो मुका फोन कधी उजळतो ते बघता बघता काकांचा जीव अर्धा झाला.

दीड महिन्याने बोलावणं आलं. डॉक्टरबाईंनी आधी दार लोटलं, मग पाण्याचा पेला काकांपुढे सरकवला.

"मन घट्ट करा, काका. दोष तुमच्यात आहे. गोळी जन्मभर घ्यायची. पोहायचं नाही, गजराचं घड्याळ उशाशी ठेवायचं नाही, आणि दचकायचं तर अजिबात नाही."

"दचकायचं नाही?" मुलीने डोळे पुसले. "मग बाबांनी दिवसभर करायचं काय?"

"मुलीत मात्र तो उतरलेला नाही. त्यामुळे नातीत जायचा प्रश्नच नाही. पण काका, तुमचं..."

"पुन्हा सांगा," काका म्हणाले.

"हे बघा, दोष तुमच्यात..."

"ते कळलं हो! त्याच्या पुढचं सांगा."

डॉक्टरबाईंनी सांगितलं. काकांनी ते तिसऱ्यांदाही वदवून घेतलं, आणि मग इतक्या मोठ्याने हसले की बाहेर बाकावर रांगेत बसलेल्या एका अनोळखी बाईंनी शेजारणीला कोपराने ढोसलं.

"चला," त्या म्हणाल्या, "या म्हाताऱ्याला काही निघालं नाही."